एका आसनाची गाडी

इंग्लंडमधील लहानमोठ्या गावांच्या रस्त्यांवर एके काळी एक चमत्कारिक वाहन हमखास दृष्टीस पडे. तीन चाके, फिकट निळा रंग, फायबर ग्लासचे हलके अंग आणि आत बसावयास जागा एकाचीच. फुटबॉलच्या सामन्यांना तर मैदानाच्या कडेला अशा निळ्या गाड्यांची रांगच लागलेली असे. प्रत्येक गाडीत एकेक प्रेक्षक असे. शेजारची रांग पाहावी तर तीही तशीच, एकेका माणसाची. या गाड्यांचे नाव ‘इन्व्हाकार’. ज्यांच्या पायांत बळ उरले नव्हते, अशा हजारो स्त्रीपुरुषांना या गाडीने घराबाहेर काढले, कामाला लावले, स्वतःच्या मिळकतीचा घास मिळवून दिला. ३१ मार्च २००३ या दिवसापासून मात्र तिला ब्रिटनच्या रस्त्यांवर मज्जाव करण्यात आला. सरकारी मालकीच्या उरल्यासुरल्या गाड्या परत घेऊन मोडीत काढण्यात आल्या.

यंत्रे जुनी होतात आणि मोडीत निघतात, यात नवल ते काय? परंतु या गाडीच्या जन्माची आणि अस्ताची कथा एका यंत्रापुरती नाही. एका इंजिनियराने आपल्या घरातील माणसासाठी जे केले, त्याची पुढे राज्यव्यवहारात योजना झाली. त्या स्थित्यंतरात काय साधले आणि काय निसटले, याचा विचार जेथे जेथे अपंगांच्या सेवेचा प्रश्न उभा राहतो, तेथे तेथे करावा लागतो.

त्या इंजिनियराचे नाव बर्ट ग्रीव्ह्ज. इंग्रज आईबापांच्या या मुलाचा जन्म १९०६ साली फ्रान्समधील ल्यों शहरी झाला. मोटारसायकलींचा त्याला मनस्वी नाद होता. यंत्र उघडावे, त्याचे मर्म जाणावे आणि ते पुन्हा अधिक बऱ्या रीतीने जुळवावे, ही त्याची प्रकृती होती. त्याचा एक भाऊ होता, डेरी प्रेस्टन-कॉब. नात्याने चुलत-मावसातला, परंतु जीव सख्ख्याहून अधिक. डेरीचे पाय लुळे होते आणि चाकांच्या खुर्चीवाचून त्याचे पाऊल हलत नसे. खुर्ची हातांनी ढकलायची म्हटले तरी किती ढकलणार? चढ आला की हात थकत आणि गावाचा रस्ता संपण्यापूर्वीच दिवस संपे.

सांगतात ती हकीकत अशी. बर्ट एके दिवशी आपल्या अंगणातील हिरवळ कापीत होता. गवत कापण्याच्या यंत्रावर एक छोटे इंजिन फटफटत होते. ते पाहता पाहता कल्पना निघाली, की हेच इंजिन डेरीच्या खुर्चीला का लावू नये? त्यासाठी कोणतेही संशोधन-मंडळ बसले नाही, कोणाच्या अनुदानाची वाट पाहिली गेली नाही. हातात होते ते यंत्र आणि समोर होता तो भाऊ. दोहोंचा मेळ घालण्याइतके कौशल्य अंगी होते. इंजिनाची खुर्ची तयार झाली आणि डेरी प्रेस्टन-कॉब दुसऱ्याच्या हाताचा आधार न घेता रस्त्यावर आला.

हे काम एवढ्यावरच थांबले असते, तर एका कुटुंबातील आपुलकीची गोष्ट म्हणून नातेवाइकांच्या बोलण्यात ते राहिले असते. परंतु काळच असा होता की, ते घरात राहणे शक्य नव्हते. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. हातपाय गमावलेले तरुण सैनिक हजारोंच्या संख्येने घरी परतत होते. या दोघा भावांच्या ध्यानात आले की, जी गरज डेरीची, तीच या सर्वांची आहे. १९४६ च्या सुमारास त्यांनी मिळून ‘इन्व्हाकार’ नावाची कंपनी काढली. एसेक्स परगण्यातील थंडर्स्ली येथे तिचा कारखाना उभा राहिला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. डेरी प्रेस्टन-कॉब हा या उद्योगाचे केवळ निमित्त नव्हता. तो भागीदार होता आणि विक्रीची धुरा त्याच्याकडे होती. ज्याच्यासाठी गाडी झाली तोच ती जगापुढे मांडीत होता. उपकृत आणि उपकारकर्ता अशी विभागणी त्या कारखान्यात नव्हती.

पुढे १९४८ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि युद्धात जखमी न झालेल्या सामान्य अपंगांसही सरकारतर्फे अशी वाहने मिळू लागली. पोलिओने पाय गेलेला कारकून, गिरणीत अपघात झालेला कामगार, जन्मतः लुळा असलेला विद्यार्थी, अशांची नावे यादीत आली. गाडी विकत घ्यावी लागत नसे. ती सरकारच्या मालकीची राही आणि दुरुस्तीही सरकारच करी. इन्व्हाकार कंपनीबरोबर ए. सी. कार्ससारखे इतर कारखानदारही सरकारसाठी तीनचाकी गाड्या बांधू लागले. आरंभी व्हिलियर्सचे लहानसे इंजिन असे. पुढे ‘मॉडेल ७०’ या नावाने जी गाडी आली तिला ऑस्ट्रियातील स्टायर-पुख कंपनीचे सुमारे ५०० सीसीचे इंजिन बसविण्यात आले. पायांनी चालवावयाचे काहीही तिच्यात नव्हते. वेग, वळण, थांबणे, सारे हातांच्या स्वाधीन. १९७० नंतरच्या काही वर्षांत अशा वीस हजारांच्या आसपास गाड्या ब्रिटनच्या रस्त्यांवर होत्या.

ग्रीव्ह्जच्या कर्तृत्वाचा आणखी एक पैलू आहे. अपंगांच्या गाडीला धक्के बसू नयेत म्हणून पोलादी स्प्रिंगऐवजी पिळल्या जाणाऱ्या रबराचा उपयोग करण्याची युक्ती त्याने वापरली होती. १९५३ साली त्याने स्वतःच्या नावाची मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा तीच युक्ती तिच्या अंगी उतरली. खाचखळग्यांच्या माळावर शर्यती करणाऱ्या धाडसी स्वारांची ती आवडती गाडी ठरली. तिच्यावर बसून डेव्ह बिकर्स याने १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे २५० सीसी गटातील युरोपचे अजिंक्यपद पटकावले. सामान्यतः अपंगांसाठी बनविलेली वस्तू ही धडधाकटांच्या वस्तूची स्वस्त आणि दुय्यम आवृत्ती असते, असा समज आहे. येथे उलट घडले. ज्याला धक्का सोसवत नव्हता त्याच्यासाठी शोधलेली गोष्ट धक्क्यांचाच खेळ करणाऱ्याच्या कामी आली. अपंगांचा विचार करून केलेले काम अखेरीस सर्वांच्याच उपयोगी पडते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कृत्रिम पाय आणि रिकामी जागा

इतके सारे असूनही या गाडीच्या पोटात एक उणीव होती आणि ती यंत्राची नव्हती. गाडीत जागा एकाचीच होती. नियमाने दुसऱ्या कोणालाही आत घेण्यास मनाई होती. मॉडेल ७० मध्ये चालकाच्या आसनाशेजारी थोडी मोकळी जागा असे. चाकांची खुर्ची मिटवून तेथे ठेवता येई. खुर्चीला जागा होती, पण पत्नीला नव्हती, मुलाला नव्हती, म्हाताऱ्या आईला नव्हती. रविवारी समुद्रकिनारी जावयाचे झाले तर वडील निळ्या गाडीतून पुढे निघत आणि बाकीचे कुटुंब बस गाठून मागाहून येई. मुलाला शाळेत सोडावे, आजारी पत्नीला डॉक्टरकडे न्यावे, या साध्या गृहस्थधर्माच्या गोष्टी. पण त्या करणे म्हणजे नियमभंग. वाटेत गाडी बंद पडली तर उतरून मदत मागावी इतके त्राण पायांत नाही आणि शेजारी कोणी नाही, असा प्रसंग ओढवे तो निराळाच.

असे का झाले? ग्रीव्ह्जच्या अंगणात डेरी हा कोणाचा तरी भाऊ होता. त्याचे घर होते, गोतावळा होता, हसणेखेळणे होते. परंतु सरकारी दप्तरात तो शिरला आणि त्याचे रूप पालटले. ब्रिटिश शासनाने या गाड्या दिल्या त्या कृत्रिम अवयव पुरविणाऱ्या केंद्रांमार्फत. म्हणजे लाकडी पाय, कातडी पट्टे आणि इन्व्हाकार यांचे खाते एकच. दप्तराच्या दृष्टीने ही गाडी म्हणजे वाहन नव्हे, गेलेल्या पायांची भरपाई होती. पायांवर एकच माणूस उभा राहतो. मग पायांच्या जागी दिलेल्या गाडीत दुसरा कशाला बसेल? तर्क अचूक होता आणि तो अचूक होता म्हणूनच निष्ठुर होता. माणसाला पाय कशासाठी हवे असतात, हा प्रश्न त्या तर्काने विचारला नाही. एकट्याने कारखान्यात जाऊन एकट्याने परत येण्यासाठी ते हवे असतात हे खरे. पण कोणाच्या तरी सोबतीने चालण्यासाठीही ते हवे असतात.

या तर्कातील दुसरा दोषही लवकरच उघड झाला. गाडी मिळावयाची ती जो स्वतः चालवू शकेल त्यालाच. मग आंधळ्याचे काय? हातही लुळे असलेल्याचे काय? अपंग बालकाचे काय? त्यांना गाडी चालविता येत नाही म्हणून त्यांच्या वाट्याला काहीच नाही. ज्याचे अपंगत्व अधिक, त्याला साहाय्य कमी, असा उफराटा न्याय झाला. शिवाय युद्धात जखमी झालेल्यांपैकी काहींना सरकारने चार चाकांच्या छोट्या मोटारी दिल्या होत्या. तेव्हा एकाच गल्लीतील दोन अपंगांपैकी एक कुटुंबासह मोटारीतून जातो आणि दुसरा एकट्याच्या तीनचाकीतून, हे दृश्य लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागले. सोसाट्याच्या वाऱ्यात ही हलकी गाडी डगमगते, उलटण्याचे भय असते, अशाही तक्रारी वाढल्या.

येथे एका गोष्टीची नोंद न्यायासाठी केली पाहिजे. गाडीविरुद्ध आवाज उठविणारे अपंगच होते आणि गाडी काढून घेऊ नका म्हणून कळवळणारेही अपंगच होते. ज्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने दार उघडून, स्वतःच्या मर्जीने डावीकडे वा उजवीकडे वळण्याचे सुख त्या निळ्या पेटीत अनुभवले, त्याला तिच्यातील उणिवा शिकविण्याची गरज नव्हती. त्या त्याला ठाऊकच होत्या. परंतु हातची गाडी जाईल आणि तिच्या जागी नुसते आश्वासन येईल, ही त्याची भीती काही अवास्तव नव्हती. सुधारणेच्या नावाखाली असलेलेही हिरावले जाते, हा गरिबांचा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे.

गाडीकडून माणसाकडे

या वादाला वळण लावण्यात ज्यांचा वाटा होता त्यांत आल्फ्रेड मॉरिस यांचे नाव अग्रभागी येते. पहिल्या महायुद्धात पाय आणि डोळा गमावलेल्या, विषारी वायूने जर्जर झालेल्या सैनिकाचा हा मुलगा. वडील त्याच्या बालपणीच वारले. अपंगत्व हे एका देहाचे दुखणे नसून सबंध घराचे असते, हे या मुलाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. खासदार म्हणून त्यांनी मांडलेल्या खाजगी विधेयकातून १९७० साली दीर्घकालीन रुग्ण आणि अपंग यांच्यासाठीचा कायदा झाला. १९७४ साली ते ब्रिटनचे अपंगांच्या प्रश्नांसाठी नेमलेले पहिले मंत्री झाले. त्याच वर्षी लेडी शार्प यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तीनचाकी गाड्या बंद कराव्यात आणि त्यांच्याऐवजी छोट्या मोटारी द्याव्यात, असे त्यांनी सुचविले.

सरकारने याहून निराळी वाट धरली. १९७६ पासून ‘गतिशीलता भत्ता’ सुरू झाला. तो आरंभी आठवड्याला ५ पौंड होता. ही रक्कम अर्थातच तुटपुंजी होती. परंतु तिच्यामागील तत्त्व महत्त्वाचे होते. भत्ता मिळावयाचा तो अपंग व्यक्तीला. ती गाडी चालवू शकते की नाही, हा प्रश्नच उरला नाही. त्यामुळे चालक होऊ न शकणारा अपंगही प्रथमच हिशेबात धरला गेला. त्याच वर्षी नव्या तीनचाकी गाड्या देणे हळूहळू थांबविण्याचा निर्णय झाला. पाच पौंडांत मोटार कशी घ्यावयाची, हा रास्त प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९७७ साली ‘मोटॅबिलिटी’ ही संस्था स्थापन झाली. लॉर्ड गुडमन आणि जेफ्री स्टर्लिंग हे तिचे संस्थापक. आपला भत्ता संस्थेच्या हवाली करावा आणि त्याच्या मोबदल्यात भाड्याने मोटार घ्यावी, अशी ती व्यवस्था. मोटार साधी, रस्त्यावरील इतर मोटारींसारखीच. चालविणारा स्वतः अपंग असो, त्याची पत्नी असो वा मुलगा असो. आज सहा लाखांहून अधिक लोक या योजनेचा लाभ घेतात. निळ्या रंगाची खूण गेली आणि शेजारचे आसन आले.

याचा अर्थ बर्ट ग्रीव्ह्जचे काम फुकट गेले असा करणे कृतघ्नपणाचे होईल. १९९३ साली तो वारला. आपल्या हयातीतच त्याने आपली गाडी कालबाह्य ठरताना पाहिली. परंतु ज्या काळी अपंगाने घराच्या कोपऱ्यात बसून दिवस मोजावेत हीच रीत होती, त्या काळी त्याने त्याला रस्त्यावर आणले. अपंग माणसे रस्त्यावर दिसू लागली, कामाच्या ठिकाणी भेटू लागली, म्हणूनच त्यांना बरोबरीचे आसन मागण्याचे बळ आले. पहिली पायरी चढल्यावाचून दुसरी दिसत नाही. दोष द्यावयाचाच तर तो इंजिनियराला नव्हे. एका घरगुती सोयीचे शासकीय योजनेत रूपांतर करताना ज्यांनी घर तेवढे गाळले, त्यांना द्यावयास हवा.

आपल्या कायद्यातील एक शब्द

हा सारा इतिहास परक्या मुलखाचा म्हणून बाजूला सारता येण्याजोगा नाही, कारण त्याचा एक धागा आपल्या कायद्यापर्यंत येऊन पोहोचतो. अपंगाच्या वाहनाला इंग्रजांच्या कायद्यात ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ असे नाव होते. तोच शब्द १९३९ च्या भारतीय मोटार वाहन कायद्यात आला आणि १९८८ च्या कायद्यातही कायम राहिला. शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीसाठी खास बांधलेले आणि केवळ तिनेच अथवा केवळ तिच्यासाठीच वापरावयाचे वाहन, अशी त्याची व्याख्या. २०१९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून त्याऐवजी ‘अनुकूलित वाहन’ अशा अर्थाचा नवा शब्द घातला. नेहमीच्या गाडीत फेरफार करून घेतलेली वाहनेही या व्याख्येत बसली, ही सुधारणा मोलाचीच होय. परंतु ‘केवळ तिनेच अथवा तिच्यासाठीच’ हे शब्द नव्या व्याख्येतही तसेच राहिले. नाव बदलले, पण एका आसनाची कल्पना शब्दांच्या आडोशाला बसूनच आहे.

व्यवहारात मात्र लोकांनी कायद्याच्या पुढे मजल मारली आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर दिसते. गावातलाच मिस्त्री ती चाके बसवून देतो. कुबड्या बाजूला अडकविलेल्या असतात, पुढे दप्तर घेतलेली मुलगी उभी असते आणि मागे पत्नी बसलेली असते. ग्रीव्ह्जने अंगणात केले तेच तो मिस्त्री आपल्या टपरीत करीत असतो. फरक एवढाच, की त्याने मागचे आसन काढून टाकलेले नसते. रेल्वेनेही, एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या अपंगाबरोबर त्याच्या सोबत्यालाही भाड्यात सवलत देऊन, हेच शहाणपण दाखविले आहे. सोबती ही चैन नव्हे, प्रवासाचाच तो भाग आहे, हे त्या नियमाने मान्य केले.

अपंगांसाठी योजना आखताना साहित्य किती वाटले, तीनचाकी सायकली किती दिल्या, कुबड्या किती पुरविल्या, याचे आकडे मांडण्याची पद्धत आहे. आकडे हवेतच. परंतु त्यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. ही वस्तू घेतल्यावर तो माणूस आपल्या माणसांच्या जवळ आला की दूर गेला? शाळेत अपंग विद्यार्थ्यासाठी उतरण बांधली, पण ती मागील दारी नेली, तर तो शाळेत येतो आणि मित्रांपासून तुटतो. कचेरीत अपंग कारकुनासाठी निराळी खोली केली, तर त्याची सोय होते आणि त्याच्याशी बोलणारे कोणी राहत नाही. हीसुद्धा एका आसनाची गाडीच. ती देणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. त्याने अपंगत्व पाहिलेले असते, माणूस पाहावयाचा राहिलेला असतो.

बर्ट ग्रीव्ह्जला भाऊ दिसला होता, म्हणून गवत कापण्याच्या यंत्रात त्याला गाडी दिसली. पुढे ज्यांनी केवळ लुळे पाय पाहिले, त्यांच्या हिशेबात आसन एकच उरले. ते दुसरे आसन परत मिळविण्यास ब्रिटनसारख्या संपन्न देशाला तीस वर्षे लागली. तेवढा काळ वाया घालविणे आपल्याला परवडणारे नाही.